ऑक्टेव्ह पॉलिडोर यांनी रंग कालवला

"घराला हात लावू नकोस," एवढंच सांगून इझमीन पॉलिडोर मार्टिनिकच्या बोटीत चढल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, बहीण तिकडेच राहत होती, परत यायला दोनेक आठवडे लागणार होते. त्यांच्या नवऱ्याने, ऑक्टेव्हनी, धक्क्यावरून रुमाल हलवला, बोट दिसेनाशी होईपर्यंत मान डोलवली आणि घरी आल्या आल्या पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर अंगणात उभं राहून घर खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

घराची पार रया गेली होती. खाऱ्या वाऱ्याने भिंतींचे पोपडे निघाले होते आणि मूळचा पांढरा रंग कुठे राहिलाय ते शोधावं लागत होतं. एरवी ऑक्टेव्हनी तिकडे काणाडोळा केला असता. पण हे आता साधं घर राहिलं नव्हतं. उद्या पेपरवाले फोटो काढायला येणार, राजभवनाचे सेक्रेटरी चहाला येणार, आणि येतील तेव्हा त्यांना हे दिसणार, या विचाराने त्यांचा जीव खालीवर होत होता.

त्याचं असं झालं होतं. लाल पक्षाचे पंतप्रधान ॲल्सिड जोवान आणि पिवळ्या पक्षाच्या विरोधी नेत्या ओंडीन शार्लेरी ही दोघं एरवी एकाच मयताला जायचं तरी चर्चच्या वेगवेगळ्या दारांनी शिरतात. गेल्या महिन्यात ती चक्क एका गाडीतून इझमीनकडे आली. म्हातारे गव्हर्नर जनरल निवडणुकीनंतर निवृत्त होणार होते. टेकडीवरच्या राजभवनात लंडनच्या राजाचा प्रतिनिधी म्हणून बसायला असं माणूस हवं होतं, ज्याला कोणी लाल म्हणणार नाही आणि पिवळंही म्हणणार नाही. सेंट ओदिल बेटावर मूल जन्माला येतं ते लाल घरात नाहीतर पिवळ्या घरात. त्यामुळे असं माणूस सापडणं कठीण होतं. सापडल्या त्या एकट्या टीचर इझमीन. आयुष्यभर शाळेत शिकवून हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या, ॲल्सिड आणि ओंडीन दोघांनाही लहानपणी एकाच रुळाने झोडपून काढणाऱ्या.

"निवडणूक कोणीही जिंको टीचर, नाव तुमचंच," दोघं म्हणाली होती.

"बघू," इझमीन म्हणाल्या होत्या. आणि पडद्यामागे चहाचा ट्रे धरून उभे असलेले ऑक्टेव्ह तेवढ्यात मनाने राजभवनात राहायलाही गेले होते.

त्यांना काय काय हवं होतं? टेकडीवरचा गार वारा हवा होता. नंबराच्या जागी मुकुट असलेली काळी गाडी हवी होती. राजभवनाच्या आचाऱ्याच्या हातचं खेकड्याचं कालालू, म्हणजे खेकडा घातलेलं पालेभाजीचं दाट कालवण, हवं होतं, कारण ते एकदा खाल्लेला माणूस मरेपर्यंत त्याच्याबद्दल बोलत राहतो असं त्यांनी ऐकलं होतं. ऑक्टेव्हनी सगळी नोकरी बंदरावर, कस्टममध्ये, परक्यांच्या ट्रंका उपसण्यात घालवली होती. त्यांना बघून कोणाचाही चेहरा कधी खुलला नव्हता. आता म्हातारपणी कोणी दार उघडून लवून 'या' म्हणावं, एवढी त्यांची इच्छा होती, आणि ती काही फार मोठी नव्हती.

अट एकच होती. टीचरच्या नावाला निवडणुकीपर्यंत कुठल्याही रंगाचा शिंतोडा लागता कामा नये. तशी इझमीनना ही सवय जुनीच. त्या मत कोणाला देतात हे खुद्द ऑक्टेव्हना ठाऊक नव्हतं. निवडणुकीच्या दिवसांत दोरीवर लाल टॉवेल वाळत पडला, तर शेजारी पिवळी उशीची खोळ आलीच पाहिजे. पिकलेली केळी गॅलरीत टांगायची नाहीत. फाटकाशी लाल जास्वंद फोफावली, तेव्हा बाईंनी दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर पिवळी लावली होती.

एवढं सगळं माहीत असूनही ऑक्टेव्ह फिलिबर्टच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"लाल की पिवळा?" फिलिबर्टने मान वर न करता विचारलं.

"पांढरा."

फिलिबर्टने मान वर केली. "काका, बरं आहे ना? निवडणुकीच्या तोंडावर पांढरा कोण घेतं? पांढरा येतो निवडणुकीनंतर. हरलेल्यांसाठी, भिंतीवरचा पक्ष पुसायला."

"मग राखाडी दे. निळा दे."

"निळा पक्ष आहे का आपल्याकडे? नाही ना? मग मी निळा मागवून काय अंगाला फासू?"

"फिलिबर्ट, मला टीचर यायच्या आत घर रंगवून हवंय."

"मग असं करा. अर्धं लाल, अर्धं पिवळं."

"आणि रस्त्याकडची बाजू कुठली?"

फिलिबर्ट खिळे मोजायला लागला. ऑक्टेव्ह डब्यांच्या उतरंडीकडे बघत उभे राहिले. एका बाजूला लाल, एका बाजूला पिवळे. बघता बघता त्यांना ती कल्पना सुचली, आणि सुचल्यावर इतकी सोपी वाटली, की ही आजवर दुसऱ्या कोणाला कशी सुचली नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

"चार डबे लाल दे," ते म्हणाले, "आणि चार पिवळे. सारखे. आणि तू साक्षीला आहेस, सारखेच नेलेत."

"मला साक्षीला धरू नका," फिलिबर्ट म्हणाला. "मला दोन्हीकडचं गिऱ्हाईक सांभाळायचंय."

ऑक्टेव्हनी परसात एका पिंपात आठही डबे ओतले आणि वल्ह्याने ढवळले. रंग निघाला तो पिकलेल्या पपईच्या गराचा. दोन्ही त्यात होते आणि दोन्ही दिसत नव्हते. दोन्ही पक्षांचा मान राखला, कोणाला एक थेंब जास्त दिला नाही, असं स्वतःला सांगत त्यांनी आठवडाभर शिडीवर चढून एकट्याने घर रंगवलं, रस्त्याकडची बाजू सगळ्यात शेवटी. शेवटचा हात मारून ते रस्त्यापलीकडे गेले आणि वळून बघितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. सगळ्या मॉर्न सितरों गावात इतकं निष्पक्ष घर दुसरं नव्हतं.

या हिशेबात ते फक्त एका माणसाला विसरले होते. त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण त्या माणसाला सगळं बेटच दर वेळी विसरायचं. सिप्रियन लुबिन हा शवपेट्या करणारा सुतार मॉर्न सितरों मतदारसंघातून प्रत्येक निवडणुकीला उभा राहायचा आणि प्रत्येक निवडणुकीला पडायचा. त्याच्या पक्षाचं नाव राष्ट्रीय सलोखा पक्ष. पक्षात तो एकटाच होता, त्यामुळे सलोखा भरपूर होता. आणि त्याच्या पक्षाचा रंग होता नारिंगी.

हे ऑक्टेव्हना आठवलं ते समोरच्या मा लुसेटचं तोंड बघून. म्हातारी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली होती.

"म्हणजे टीचरनी शेवटी तोंड उघडलं म्हणायचं!"

"कसलं तोंड, मा लुसेट?"

"आता आणखी काय लपवतोस बाबा? भिंतच बोलतेय की! सिप्रियन! आमच्या सिप्रियनला टीचरचा पाठिंबा! आणि मी मेली त्याला येडा समजत होते."

"अहो, हा पपईचा रंग आहे! पपईचा!"

"असू दे, असू दे. तुला बाईंनी बोलायची मनाई केली असेल," असं म्हणून मा लुसेट खिडकीतून आत गेली ती मागच्या दाराने गावात पोचली.

तासाभरात सिप्रियनची गाडी आली. ही गाडी एरवी गावोगाव कोण गेलं ते सांगत फिरते. प्रचारालाही तीच असल्यामुळे भोंगा लागला की लोक आधी टोप्या काढून रस्त्यावर येतात आणि मग चिडून परत जातात. आजही भोंग्यावर आधी प्रार्थनेचं गाणं झालं आणि मग सिप्रियनचा आवाज आला, "मॉर्न सितरोंच्या बंधुभगिनींनो, अत्यंत दुःखा... अत्यंत आनंदाने कळवण्यात येतं की आपल्या लाडक्या टीचर इझमीन..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. दोन बायकांनी तिथेच गळा काढला. टीचर मार्टिनिकला गेल्या असून डोळ्याशिवाय त्यांना काहीही झालेलं नाही, हे पटवताना ऑक्टेव्हच्या नाकी नऊ आले. तोवर सिप्रियन गाडीतून उतरून घरासमोर येऊन उभा राहिला होता. भिंतीला हात लावून तो ढसाढसा रडत होता.

"काका, इतकी वर्षं उभा राहतोय मी. घरात बायको तोंडावर सांगते, सिप्रियन, तू माणूस चांगला आहेस, पण माझं मत लालला. आणि टीचरनी? सगळं घर रंगवलं?"

"सिप्रियन, ऐक माझं. हे चुकून झालंय."

"चुकून?" सिप्रियन रडता रडता हसला. "काका, या बेटावर माणूस एक वेळ चुकून मरतो. घर चुकून रंगत नाही."

रडणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं? ऑक्टेव्हनी त्याला पाणी दिलं. त्यांना सिप्रियनची दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त.

संध्याकाळी पंतप्रधानांचा फोन आला. "काका, टीचरना सांगा, मला वाईट वाटलं. निदान मला त्यांनी आधी सांगायला हवं होतं."

"अरे ॲल्सिड, फिलिबर्टकडे पांढरा नव्हता. म्हणून मी चार डबे लाल आणि चार डबे पिवळे घेतले आणि पिंपात कालवले. बस, एवढंच झालं."

 मग पंतप्रधान हळूच म्हणाले, "काका, मी राजकारणात आहे. पण इतकं खोटं मीसुद्धा बोलत नाही."

ओंडीन शार्लेरी फोनवर थांबल्या नाहीत, स्वतः आल्या. फाटकातूनच त्यांनी तोंड सोडलं. "सिप्रियन कोणाची मतं खाणार? माझी! लालवाल्यांनीच हे करवून घेतलं ना तुमच्याकडून?"

"नाही गं बाई. ॲल्सिडही नाराजच आहे. मी दोन्ही रंग सारखे घेतले होते, अगदी मोजून."

"मोजून! म्हणजे ठरवूनच!" ओंडीननी कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही भले माणूस आहात, तुम्हाला मी काही म्हणत नाही. पण टेकडीवरच्या जागेचं जे बोलणं झालं होतं ना, त्याचा आता फेरविचार करावा लागेल."

फेरविचार हा शब्द ऑक्टेव्हच्या काळजात घुसला. गार वारा, काळी गाडी, कालालू, सगळं डोळ्यांसमोरून सरकत चाललं. बरं, हे स्वतःपुरतं असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण पद इझमीनचं होतं, आणि ते त्यांनी आठ डब्यांत बुडवलं होतं. बोट यायच्या आत काहीतरी करायलाच हवं होतं.

मागच्या वादळानंतर मदतीत आलेल्या निळ्या ताडपत्र्या घरोघरी पडून होत्या. ऑक्टेव्हनी चार घरं फिरून त्या गोळा केल्या आणि पहाटे उठून घर छपरापासून पायथ्यापर्यंत झाकून टाकलं. आता नारिंगी दिसत नाही म्हणजे प्रश्न मिटला, असं समजून ते कोको प्यायला बसले. कप रिकामा व्हायच्या आत भोंगा वाजला.

"बंधुभगिनींनो! टीचरचा आवाज ताडपत्रीखाली दाबला! कोणी दाबला? त्या निळ्या ताडपत्र्या कोणाच्या? सरकारी! बघा आणि विचार करा!"

लोकांनी बघितलं आणि विचार केला. दुसऱ्या गावांतून माणसं मिनीबस करून ताडपत्री बघायला येऊ लागली. कोणी फाटकाशी फुलं ठेवून गेलं. शेवटी ऑक्टेव्हनी रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमात फोन लावला. तिथे लोक फोन करून सरकारला शिव्या घालतात, म्हणून सगळं बेट तो कार्यक्रम ऐकतं.

"हे बघा," ते म्हणाले, "टीचरचा या रंगाशी काडीचाही संबंध नाही. त्या देशातच नाहीत."

"देशात नाहीत?" निवेदकाने आवाज खाली आणला. "कधीपासून, मिस्टर पॉलिडोर?"

"घर रंगवायच्या आधीपासून."

"म्हणजे आधीच जावं लागलं त्यांना?"

"हो, म्हणजे डोळ्याचं..."

"डोळ्यालाही इजा झाली?"

दुपारपर्यंत बेटावर सगळ्यांना कळलं होतं, की टीचरना रातोरात देश सोडावा लागला आणि पळताना डोळ्याला लागलं. बायकांनी नारिंगी रुमाल बांधायला सुरुवात केली. फिलिबर्टने दुकानाबाहेर पाटी लावली, 'टीचर-रंग कालवून मिळेल'.

इझमीनची बोट लागली तेव्हा धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा, हातात पिशवी, अशा त्या उतरल्या. गर्दी बघितली, भोंग्याची गाडी बघितली आणि ऑक्टेव्हना विचारलं, "कोण गेलं?"

घरी येईपर्यंत ऑक्टेव्हनी एका दमात सगळं सांगून टाकलं. पिंप, वल्हं, ताडपत्री, रेडिओ, काही म्हणून लपवलं नाही. इझमीन पिशवी सांभाळत चालत राहिल्या. अंगणात आल्यावर मात्र थांबल्या.

"जाताना मी काय सांगितलं होतं?"

"घराला हात लावू नकोस."

"मग?"

"हात नाही लावला," ऑक्टेव्ह पुटपुटले. "ब्रश लावला."

"ताडपत्री काढ."

"अगं, पण लोक..."

"काढ म्हणते ना."

ताडपत्री निघाली. इझमीननी चष्मा काढून एका डोळ्याने घर बराच वेळ बघितलं. आता आपली काही धडगत नाही असं समजून ऑक्टेव्ह डोळे मिटून उभे राहिले. पण तेवढ्यात मा लुसेट पाचपन्नास माणसं पाठीशी घेऊन फाटकात आली.

"टीचर, तेवढं सांगा. सिप्रियनच का?"

इझमीन खुलासा करायलाच वळल्या होत्या. हा सगळा गैरसमज आहे, एवढं म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. "सिप्रियनचं मला माहीत नाही," त्यांनी सुरुवात केली. "पण तुम्ही विचारलंच आहे म्हणून सांगते. तुमच्या शाळेचं छप्पर गळतंय, लालवाल्यांच्या वेळी गळत होतं आणि पिवळ्यांच्या वेळीही गळत होतं. त्याच्याखाली बसून तुम्हीच त्यांच्यासाठी टाळ्या वाजवता. लाज वाटत नाही?"

लोकांना लाज वाटली. मग दवाखाना निघाला, रस्ता निघाला, मासेबाजारातलं पाणी निघालं. आयुष्यभर गप्प बसून साठवलेली मतं एकामागून एक बाहेर येऊ लागली. ऊन कललं तरी टीचर बोलतच होत्या आणि लोक पायऱ्यांवर शाळेतल्यासारखे बसले होते. ऑक्टेव्ह दाराशी उभे राहून बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला इतकं खूश पाहिलं नव्हतं. पण राजभवनात राहणाऱ्याला असलं काही बोलता येत नाही.

मतदान झालं. पंधरा जागांच्या सभागृहात लाल सात, पिवळे सात. आणि मॉर्न सितरोंमधून सिप्रियन लुबिन निवडून आला. ही बातमी द्यायला तो स्वतःच गाडी घेऊन निघाला आणि लोक सवयीने टोप्या काढून रस्त्यावर आले.

आता सिप्रियन ज्याच्याकडे जाईल त्याचं सरकार. आणि सिप्रियन म्हणत होता, टीचर सांगतील तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिडोरांच्या नारिंगी गॅलरीत एका खुर्चीवर ॲल्सिड, एका खुर्चीवर ओंडीन आणि मधल्या बाकावर सिप्रियन बसला होता. ऑक्टेव्ह सगळ्यांना कसाव्याच्या कंदाची कोरडी भाकरी आणि कोको देत होते. ओंडीननी रात्रभर काही खाल्लेलं दिसत नव्हतं, म्हणून ऑक्टेव्हनी त्यांना आग्रहाने मोठा तुकडा वाढला.

"माझं एकच म्हणणं आहे," सिप्रियन म्हणाला. "टीचरना सिनेटवर नेमा आणि शिक्षणमंत्री करा. जो आधी हो म्हणेल, त्याच्याकडे मी."

"हो!" ॲल्सिड म्हणाले.

ओंडीननीही तेच म्हटलं असतं. पण तोंडात कसाव्याची भाकरी होती, आणि ती घाईने गिळता येत नाही. ती खाली उतरेपर्यंत सिप्रियनने ॲल्सिडचा हात हातात घेतला होता. अशा तऱ्हेने सेंट ओदिलचं सरकार बनलं, आणि त्यातही ऑक्टेव्हचाच हात होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही ते बरंच झालं.

"टीचर, पण मग राजभवनाचं काय?" ॲल्सिडनी विचारलं. "आपलं ठरलं होतं."

"मला नको," इझमीन म्हणाल्या. "तिथे तोंड मिटून बसावं लागतं. ते मी खूप वर्षं केलं."

ऑक्टेव्ह ट्रे घेऊन आत जायला निघाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कोणाला दिसू नये म्हणून. टेकडी गेली. गाडी गेली. आता आयुष्याच्या शेवटापर्यंत हीच गॅलरी आणि हीच मा लुसेट.

"मग दुसरं कोण मिळणार?" ओंडीन घोट घेत म्हणाल्या. "ज्याला मत नाही, शत्रू नाही, आणि जो दोन्ही बाजूंना सारखा धरेल?"

"मी इतकी वर्षं अशाच माणसाबरोबर संसार करतेय," इझमीन म्हणाल्या. "ऑक्टेव्ह, थांब जरा."

ॲल्सिड आणि ओंडीननी ऑक्टेव्हकडे असं बघितलं, जणू त्यांना ते आज पहिल्यांदा दिसत होते.

"काकांचं मत असतं का कशावर?" ॲल्सिडनी विचारलं.

"मी तरी ऐकलं नाही," इझमीन म्हणाल्या.

"आणि लाल न् पिवळा सारखा मोजून कालवणारा माणूस या बेटावर दुसरा नाही," ओंडीन म्हणाल्या. त्यांना आता ती गोष्ट अगदी खरी वाटत होती. "ॲल्सिड, याच्याविरुद्ध मला बोलायला काही सुचत नाही. आणि मला सहसा सुचतं."

"काका, काम काही नाही बघा," ॲल्सिड सांगू लागले. "राज्यघटनेप्रमाणे गव्हर्नर जनरलनी मंत्र्यांच्या सल्ल्याने वागायचं. सल्ला आला की हो म्हणायचं. आम्ही लिहून दिलेलं भाषण वाचायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. जमेल ना?"

"जमेल रे," इझमीन म्हणाल्या. "सवय आहे."

ऑक्टेव्हना थोडं लागलं. पण आनंद इतका झाला होता, की ते लागणं त्यात बुडून गेलं.

लंडनहून राजाचा कागद आला, पांढऱ्या पिसांची टोपी आली, चालताना पायांत येणारी तलवार आली. ऑक्टेव्ह महामहिम झाले. टेकडीवरचा वारा खरंच गार होता. काळ्या गाडीचं दार उघडून ड्रायव्हर खरंच लवून 'या' म्हणायचा. आणि खेकड्याचं कालालू लोक सांगतात त्याहून चांगलं होतं. ते रोज खायचे, आणि शिक्षणमंत्री आपली फाईल वाचत समोर बसून पाव खायच्या.

मग संसदेचं उद्घाटन आलं. सरकार काय काय करणार ते सांगणारं अभिभाषण महामहिमांनी वाचायचं होतं. ते लिहिलं होतं शिक्षणमंत्र्यांनी, कारण मंत्रिमंडळातल्या बाकी सगळ्यांचं शुद्धलेखन त्यांनीच शाळेत तपासलेलं होतं आणि ते कसं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भाषण ऑक्टेव्हच्या हातात पडलं ते थेट व्यासपीठावर.

"माझं सरकार," ऑक्टेव्हनी घसा साफ करून वाचलं, "शाळांची छपरं दुरुस्त करील." टाळ्या पडल्या. माझं सरकार म्हणताना छाती कशी भरून येत होती. "माझं सरकार मुलांना शाळेत दुपारचं गरम जेवण देईल." आणखी टाळ्या पडल्या. ऑक्टेव्हनी पान उलटलं.

"त्यासाठी माझं सरकार," त्यांनी वाचलं, आणि नजर पुढच्या ओळीवर गेली तशी त्यांची जीभ अडखळली.  इझमीन समोर हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांनी फक्त एक भुवई वर केली, पाठ म्हणताना मधेच अडलेल्या मुलाकडे बघून करतात तशी.

"माझं सरकार," ऑक्टेव्हनी टोपी सावरून वाचलं, "राजभवनाचा आचारी शाळांच्या स्वयंपाकघरात पाठवील. राजभवनाची गाडी दवाखान्याला देण्यात येईल. गव्हर्नर जनरल यांनी ही सूचना... अत्यंत आनंदाने मान्य केली आहे."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. लाल उभे राहिले, पिवळे उभे राहिले, सिप्रियन तर बाकावर चढला. इतक्या टाळ्या या बेटावर आजवर कुठल्याही महामहिमांना मिळाल्या नव्हत्या. ऑक्टेव्हनी लवून नमस्कार केला. तलवार पायांत आली.

टेकडी चढून दोघं चालत राजभवनात आली तेव्हा उन्हं उतरली होती. ऑक्टेव्ह गॅलरीतल्या खुर्चीत धापा टाकत बसले. आतून कशाचाही वास येत नव्हता.

"इझमीन," ते म्हणाले, "मग उद्या जेवायला काय?"

इझमीननी फाईल मिटली. "महामहिम, राज्यघटनेप्रमाणे आपण मंत्र्यांच्या सल्ल्याने वागायचं असतं ना?"

"असतं."

"मग माझा सल्ला असा आहे, की आपण खारा मासा आत्ताच भिजत घालावा."

महामहिमांनी पिसांची टोपी खुंटीला अडकवली, तलवार दाराआड उभी केली आणि ते पातेलं शोधायला आत गेले.